बीडच्या शाळेतल्या ‘मॅडम’ आई होतात तेव्हा: रजा किती, नियम काय आणि अडतं कुठं?

सकाळचे नऊ वाजलेत. बीड, केज किंवा गेवराईच्या बसस्टँडवर जरा वेळ उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, कानाला फोन. फोनवर बोलणं एकच: “उठला का? दूध पिला का? रडला तर गाणं लावून द्या, पण मोबाइल हातात देऊ नका.” मग एसटी येते, किंवा शेअरिंगची जीप येते, आणि मॅडम शाळेच्या गावाला निघतात. ज्यांच्याकडे स्कूटी आहे त्या थेट.

शिक्षिकेची नोकरी म्हणजे बायकांसाठी सगळ्यात सोयीची नोकरी, असं लग्न जमवणारे आजही सांगतात. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, संध्याकाळी घरी. मुलगी डीएड झालेली असेल तर स्थळाच्या बायोडेटात ते ठळक अक्षरात येतं. देशात शिकवणाऱ्यांमध्ये आता बायका निम्म्याहून जास्त आहेत. युडायसच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार त्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे.

पण ही सोय नेमकी कुणाला मिळते? बीडसारख्या जिल्ह्यात तीन गोष्टींवर सगळं ठरतं. नेमणूक कसली आहे, शाळा घरापासून किती लांब आहे आणि घरी बाळाला सांभाळायला कोण आहे. ‘टाइम मॅनेजमेंट’चे व्हिडिओ यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. त्यामुळे आधी नियम बघू, मग नियम संपतात तिथून पुढचं बघू.

पहिले सहा महिने: प्रसूती रजा

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या नियमित शिक्षिकेला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, पूर्ण पगारी. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधला ७४ वा नियम हा तिचा आधार. पूर्वी ही रजा ९० दिवसांची होती. २००९ मध्ये राज्य सरकारनं ती १८० दिवस केली. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या कित्येक शिक्षिका तीन महिन्यांचं बाळ घरी ठेवून फळ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. आजच्या तरुण मॅडमना ‘तुमचं बरं आहे’ असं स्टाफरूममध्ये ऐकवलं जातं, त्याच्या मागं हा हिशोब आहे.

रजेला एक अट आहे: हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असायला हवीत. त्याच्या जोडीला राज्याचा लहान कुटुंबाचा नियमही आहे. २८ मार्च २००६ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर सरकारी नेमणुकीला माणूस अपात्र ठरतो. कागदावर हा नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखा. पण २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. जिथं ‘एक तरी मुलगा पाहिजे’ हे घरातलं वाक्य आहे आणि ‘दोनच’ हा नोकरीचा नियम आहे, तिथं दुसऱ्या बाळंतपणाचं ओझं कुणाच्या मनावर असतं, हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या मुलाच्या बाबतीत अलीकडचा एक निकाल माहीत असलेला बरा, आणि तो एका शिक्षिकेचाच आहे. तामिळनाडूतल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या के. उमादेवी यांना पहिल्या लग्नातून दोन मुलं होती, ती वडिलांकडे राहत होती. दुसऱ्या लग्नानंतर मूल झालं तेव्हा दोन अपत्यांचा नियम दाखवून रजा नाकारण्यात आली. २३ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि प्रसूती रजा हा प्रजनन हक्कांचा भाग मानला. प्रत्येक तिसऱ्या बाळंतपणाला आता आपोआप रजा, असा याचा अर्थ नाही. पण नुसतं नियमाकडे बोट दाखवून फाइल बंद करणं आता तितकं सोपं राहिलेलं नाही.

१८० दिवसांचा आणि बाळाच्या पोटाचाही संबंध आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता ज्या शिक्षिकेनं बाळंतपणाच्या महिनाभर आधी रजा सुरू केली, तिच्या हातात बाळ झाल्यावर पाचच महिने उरतात. उरलेल्या दिवसांत दूध काढून ठेवणं हा उपाय आहे. काढलेलं दूध २५ अंशांच्या आतल्या तापमानाला साधारण चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. बीडच्या एप्रिल-मे महिन्यात २५ अंश घरात कुठं सापडणार? त्यामुळे काढलं की लगेच फ्रीज, आणि लाइट गेली की लक्ष ठेवणं, हे घरच्यांना आधी समजावून सांगावं लागतं. सासूबाईंना हे पटवणं हा स्वतंत्र विषय आहे.

मूल मोठं होतं, मग?

खरी ओढाताण सहा महिन्यांनंतर सुरू होते. गोवर, जुलाब, शाळाप्रवेश, दहावी. या सगळ्यासाठी आहे बालसंगोपन रजा.

महाराष्ट्रात ती २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयानं आली. संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवस, एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, आणि पहिल्या दोन अपत्यांपुरती. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांमधल्या शिक्षिकांना ती लागू आहे. रजेच्या काळात पगार मिळतो. तुलनेसाठी, केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना हीच रजा ७३० दिवसांची आहे. त्यामुळे एकाच गावात केंद्रीय विद्यालयाच्या नियमांखाली काम करणारी आई आणि झेडपीची आई यांच्या हिशोबात साडेपाचशे दिवसांचा फरक पडतो.

आणखी एक बाब. राज्याच्या या निर्णयात पुरुष कर्मचाऱ्यालाही रजा आहे. पण पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेली असेल, तरच. म्हणजे आई धडधाकट आहे तोवर मूल सांभाळणं हे तिचंच काम, हे सरकारनं नियमातच लिहून ठेवलंय.

शिक्षिकांसाठी ही रजा इतर खात्यांतल्या बायकांपेक्षा जास्त मोलाची आहे. शाळा हा दीर्घ सुट्टीचा विभाग समजला जातो. उन्हाळा-दिवाळीची सुट्टी मिळते म्हणून तहसील कार्यालयातल्या कारकुनासारखी अर्जित रजा शिक्षकाच्या खात्यावर साठत नाही. मूल मात्र सुट्ट्या बघून आजारी पडत नाही. जुलैमध्ये डेंग्यू झाला तर मे महिन्यातली सुट्टी काय कामाची?

मग शिक्षिका ही रजा सरसकट घेतात का? इथं बीडमधल्या शाळांचं गणित समजून घ्यावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. डोंगरपट्ट्यातल्या, तांड्यावरच्या आणि वस्तीवरच्या शाळा बहुतेक याच गटातल्या. या द्विशिक्षकी शाळेतल्या मॅडम दोन महिने रजेवर गेल्या की उरलेले गुरुजी एकटेच सगळे वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि केंद्रावरच्या बैठका बघणार. बदली शिक्षक बहुतेक वेळा मिळत नाही. ‘रजा मंजूर करता येईल, पण शाळेचं काय?’ हा प्रश्न केंद्रप्रमुख विचारतात तेव्हा तो खोटा नसतो. फक्त तो चुकीच्या माणसाला विचारलेला असतो. पर्यायी शिक्षक देणं ही व्यवस्थेची जबाबदारी, पण अपराधी वाटतं ते तापलेल्या पोराच्या आईला.

न्यायालयानं याबद्दल काय म्हटलंय? हिमाचल प्रदेशात नालागढच्या सरकारी महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या शालिनी धर्माणी यांच्या मुलाला हाडं ठिसूळ होण्याचा जन्मजात आजार आहे. उपचारांत त्यांच्या सगळ्या रजा संपल्या आणि त्यांच्या राज्यात बालसंगोपन रजेची तरतूदच नव्हती. २२ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्याला धोरणाचा फेरविचार करायला सांगितलं. बायकांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नसून तो घटनेनं दिलेला हक्क आहे आणि मुलांसाठी रजा नसेल तर आईला नोकरी सोडावी लागू शकते, अशी न्यायालयाची भूमिका होती.

तीस किलोमीटरचा प्रश्न

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. पश्चिमेला आष्टी, पाटोदा, शिरूर कासारचा बालाघाटाचा डोंगराळ भाग, उत्तरेला गेवराई-माजलगावचा गोदाकाठ, दक्षिण-पूर्वेला केज, अंबाजोगाई, परळी. परळीला रेल्वे जुनी आहे, पण बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे जिल्ह्यातल्या शिक्षिकेचा प्रवास हा एसटी, जीप आणि दुचाकीचाच. नकाशावर २५ किलोमीटर दिसणारी शाळा पावसाळ्यात दीड तासावर जाते.

नियमाप्रमाणे शिक्षकानं मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात राहावं. घरभाडे भत्त्यासाठी तसा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो आणि त्यावरून दरवर्षी वादही होतात. गावकऱ्यांची बाजू सरळ आहे: गुरुजी गावात राहिले तर शाळा वेळेवर भरते. आईची बाजूही सरळ आहे: गावात भाड्यानं धड घर नाही, बालरोगतज्ज्ञ तालुक्याला, नवऱ्याची नोकरी दुसरीकडे, आणि स्वतःचं मूल शहरातल्या इंग्रजी शाळेत. (झेडपीच्या शिक्षकांची मुलं झेडपीत का नसतात, हा टोमणा सोशल मीडियावर दर जूनमध्ये फिरतो. त्याचं एक उत्तर या प्रवासातही आहे. मुलाला रोज सोबत नेणं म्हणजे त्यालाही दीड तास जीपमध्ये बसवणं.)

बदल्यांचं धोरण २०१७ पासून ऑनलाइन झालं आणि त्यानंतर बऱ्याचदा सुधारलं गेलं. सुगम आणि अवघड अशी क्षेत्रं ठरतात. विशेष संवर्ग एकमध्ये दिव्यांग, गंभीर आजारी, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग मुलांचे पालक वगैरे येतात. संवर्ग दोनमध्ये पती-पत्नी एकत्रीकरण येतं, म्हणजे दोघांच्या शाळा किंवा कार्यालयांमधलं अंतर ३० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर. यात नवरा-बायकोतलं अंतर मोजलं जातं. आई आणि दीड वर्षाच्या बाळातलं अंतर मोजण्याची सोय या रकान्यात नाही. त्यातून नवरा शेतकरी किंवा खासगी नोकरीत असेल तर या संवर्गाचा उपयोगही नाही.

पवित्र पोर्टलवरून निवड झालेल्या मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. बीडची मुलगी, नेमणूक पालघर किंवा रत्नागिरीत. लग्न होतं, मूल होतं, आणि आंतरजिल्हा बदलीसाठी नंबर लागेपर्यंत मूल आजीकडे, आई कोकणात. सुट्टीत भेटायला आलेल्या आईला बाळानं ओळखलंच नाही, हे सांगणाऱ्या शिक्षिका मराठवाड्यात शोधाव्या लागत नाहीत.

नेमणूक कसली, यावर आईपण ठरतं

आतापर्यंत सांगितलेलं सगळं नियमित शिक्षिकांचं. बाकीच्यांचं काय?

राज्यात २००० सालापासून शिक्षणसेवक पद्धत आहे: पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकला हे मानधन वर्षानुवर्षं ६ हजार रुपये होतं. २०२३ मध्ये ते १६ हजार झालं, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार. ही तीन वर्षं नेमकी लग्नाची आणि पहिल्या मुलाची असतात. कित्येक जणी ‘कायम झाल्यावर बघू’ म्हणून मूल पुढं ढकलतात.

त्यांच्याही मागं आहेत विनाअनुदानित शाळांमधल्या शिक्षिका. ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये काढला गेला, पण अनुदान टप्प्याटप्प्यानं, आधी २० टक्के, मग ४०, असं येत राहिलं. उद्या अनुदान येईल या आशेवर कमी पगारात किंवा पगाराशिवाय वर्षं काढणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न मराठवाड्यात जुना आहे. अशा शाळेत ‘पगारी प्रसूती रजा’ या शब्दांतला पहिला शब्दच गळून पडतो.

महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडमचंही तसंच. जितके तास घेतले तितके पैसे. बाळंतपणात तास नाही, म्हणून पैसे नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत, पुन्हा नवी नेमणूक. यातल्या बऱ्याच जणींचं छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पीएचडीचं कामही सुरू असतं. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: यूजीसीच्या नियमानुसार पीएचडी करणाऱ्या महिलेला संपूर्ण संशोधनकाळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, शिवाय प्रबंध पूर्ण करायला दोन वर्षांची जादा मुदतही.

खासगी शाळांना २०२५ पर्यंत प्रसूती लाभ कायदा, १९६१ लागू होता. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असेल तर. गर्भपात झाल्यास सहा आठवडे. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही याच तरतुदी घेतल्या आहेत. गरोदर आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. कंत्राटी बायकांबद्दल सर्वोच्च न्यायालय दोनदा स्पष्ट बोललंय. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांच्या प्रकरणात आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात. दुसऱ्या निकालानुसार कराराची मुदत मध्येच संपली तरी प्रसूतीचा लाभ पूर्ण द्यावा लागतो.

याच तरतुदींमध्ये ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सक्ती आहे. दोन शिक्षकांच्या शाळेला ती कशी लागू होणार? त्यामुळे मॅडमचं पाळणाघर म्हणजे सासू, आई किंवा शाळेच्या आवारातली अंगणवाडी. अंगणवाडी तीन वर्षांपासून पुढच्या मुलांना बसवून घेते. सहा महिने ते तीन वर्षं, हा काळ मात्र सगळ्यात अवघड. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. गावोगावी ती पोहोचली तर शिक्षिकेइतकीच शेतमजूर आईचीही सोय होईल.

कोयता हलतो तेव्हा

बीडचं वेगळेपण दसरा-दिवाळीनंतर दिसतं. ऊसतोडीची ‘उचल’ घेतलेल्या जोड्या ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथं ‘एक कोयता’ म्हणतात. पाच-सहा महिने गाव अर्धं रिकामं होतं. जी मुलं सोबत जातात त्यांची शाळा तुटते. जी थांबतात ती आजी-आजोबांकडे राहतात, आणि त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, म्हणजे मुख्यतः दोन वेळचं जेवण आणि लक्ष. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. प्रत्यक्षात हजेरी, किराणा, आचारी, बिलं असं बरंचसं काम शिक्षकांच्या अंगावर येतं.

हंगामाआधी शिक्षिका घरोघरी जाऊन सांगतात, पोरीला नेऊ नका, आम्ही बघतो. नेलं तर तिकडं फडावर ती धाकट्याला सांभाळत बसणार, हे त्यांना माहीत असतं. म्हणजे एक आई दुसऱ्या आईला पोर मागं ठेवायला सांगते, आणि स्वतःचंही पोर तिनं सकाळी आजीकडेच ठेवलेलं असतं. फरक इतकाच की एकीला संध्याकाळी घरी जाता येतं, दुसरीला चैत्रातच. शिक्षिकेच्या ओढाताणीबद्दल बोलताना ही दुसरी आई विसरता येत नाही, कारण तिला कुठलाच रजेचा नियम लागू नाही.

आता पुन्हा परीक्षा

या सगळ्यात नवी भर टीईटीची. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, शिक्षण हक्क कायदा येण्याआधी लागलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नोकरीपुरती सूट आहे, पण पदोन्नती हवी तर परीक्षा द्यावीच लागेल.

यात जास्त कोण भरडलं जातंय? २००९ च्या आधी लागलेल्या, आज चाळिशी-पन्नाशीच्या आत असलेल्या शिक्षिका. यातल्या अनेकींची मुलं सध्या दहावी-बारावीत आहेत. बीड-लातूरकडे नीटच्या तयारीचं वातावरण काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. एका टेबलावर मुलाचं जीवशास्त्र आणि दुसऱ्या बाजूला आईचं बालमानसशास्त्र. बालसंगोपन रजा मुलाच्या परीक्षेसाठी घेता येते, आईच्या परीक्षेसाठी नाही.

कागद आधी

ज्यांना लगेच रजा लागणार आहे त्यांच्यासाठी कामाचं थोडं. अर्ज मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख आणि मग गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जातो. प्रसूती रजेसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि अपेक्षित तारीख जोडावी, आणि अर्ज शेवटच्या महिन्यापर्यंत लांबवू नये. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘ओके मॅडम’ हा मंजुरीचा पुरावा होत नाही. बालसंगोपन रजेच्या अर्जात मुलाचा जन्मदाखला आणि आतापर्यंत किती दिवस वापरले याचा हिशोब द्यावा. रजा नाकारली तर कारण लेखी मागावं, कारण पुढं दाद मागताना तोच कागद लागतो.

आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी तपासाव्यात. रजेची नोंद सेवापुस्तकात झाली का, आणि शालार्थ प्रणालीत त्या महिन्यांचा पगार बरोबर लागला का. बदली होऊन तालुका बदलला की जुनी नोंद शोधायला पुन्हा जुन्या पंचायत समितीच्या चकरा माराव्या लागतात, आणि तोवर बाळ शाळेत जायला लागलेलं असतं.